कोरा चेक आणि करडी बाइक

समजा, उद्या कोणीतरी तुमच्या हातात कोरा चेक ठेवला. अट एकच. सगळा पैसा एकाच डर्ट बाइकवर उडवायचा. काय काय लावाल? मित्रांच्या ग्रुपवर हा विषय निघाला की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. फोर्क कुठला, एक्झॉस्ट कुठला, रिम सोनेरी की काळी... आणि मग कोणीतरी हळूच आठवण करून देतो की आधी या महिन्याच्या पेट्रोलचं बघ.

हा खेळ एक माणूस खरोखर खेळला. साठच्या दशकात तो हॉलिवूडच्या सगळ्यात महागड्या नटांपैकी एक होता, आणि शूटिंग संपलं की बाइक घेऊन थेट वाळवंटात पळायचा. स्टीव्ह मॅक्वीन त्याचं नाव. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये जर्मनांना चुकवत बाइक दामटणारा तो निळ्या डोळ्यांचा कैदी आठवतोय? तोच!

या पोराच्या वाट्याला सुरुवातीला काय आलं होतं ते आधी बघू. जन्म 24 मार्च 1930, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील विमानांच्या कसरती करणारे. पोरगं तान्हं असतानाच ते सोडून गेले. आईचं बस्तान कुठेच बसेना. मग मिझुरीतल्या स्लेटर गावी क्लॉड नावाच्या चुलत आजोबांच्या शेतावर तो वाढला. या आजोबांनी चौथ्या वाढदिवसाला त्याला लाल रंगाची तीनचाकी सायकल दिली. चाकांचं वेड तिथून लागलं, असं तो पुढे सांगायचा. कानाच्या दुखण्यानं ऐकू कमी यायचं, अक्षरं नीट लागायची नाहीत, त्यामुळे शाळेत काही जमलं नाही. सावत्र वडिलांचा मार, रस्त्यावरच्या टोळ्या, आणि शेवटी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथली बॉइज रिपब्लिक ही बिघडलेल्या मुलांसाठीची संस्था. तिथून मर्चंट नेव्ही, मग मरीन्स.

न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकायला लागला तेव्हा खिसा रिकामाच होता. पहिली बाइक घेतली ती 1946 ची जुनी इंडियन चीफ, साइडकार लावलेली. शनिवार-रविवारी लाँग आयलंड सिटीच्या ट्रॅकवर रेस मारायची, जिंकली तर शंभरेक डॉलर मिळायचे. म्हणजे त्याला आधी बाइकनं पोसलं, सिनेमानं नंतर.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल. टीव्हीवरची ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’, मग 1960 चा ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’. पैसा आला, आणि तो आला तसा गाड्यांच्या दुकानांत जायला लागला. यातल्या एका दुकानानं मात्र त्याचं आयुष्य बदललं. लॉस एंजेलिसच्या शर्मन ओक्समध्ये बड एकिन्सचं ट्रायम्फचं दुकान होतं. एकिन्स म्हणजे वाळवंटातल्या रेसचा बादशहा. ग्राहक म्हणून आलेला मॅक्वीन तिथे मित्र झाला आणि मग शागीर्द.

वाळवंटातली रेस म्हणजे काय प्रकार होता, तर लांबवर क्षितिजाजवळ जुने टायर पेटवून धुराचा लोट उठवायचे. इकडे शेकडो बाइकवाले एका रेषेत उभे. झेंडा पडला की सगळे त्या धुराच्या दिशेनं सुटायचे. रस्ता नाहीच. झुडपं, खडक, वाळू आणि पुढच्याची धूळ. त्यासाठी रस्त्यावरची ट्रायम्फ घ्यायची, लाइट-बिइट काढून फेकायचे, सायलेन्सर वर उचलून बसवायचा, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकायचा आणि रुंद हँडल लावायचं. अशा गाडीला तिकडे डेझर्ट स्लेड म्हणायचे. मॅक्वीनची अशीच एक 1963 ची बॉनव्हिल एकिन्सनं बांधली आणि व्हॉन डच या अवलिया रंगाऱ्यानं रंगवली.

‘द ग्रेट एस्केप’ही 1963 चाच. त्यातली ती कुंपणावरची गाजलेली उडी मॅक्वीननं मारलेली नाही, एकिन्सनं मारली. निर्माते एवढ्या महागड्या नटाला धोका पत्करू देईनात. मॅक्वीननंही हे कधी लपवलं नाही. गंमत म्हणजे त्याचा पाठलाग करणारे जर्मन सैनिक त्याच्याइतके जोरात चालवू शकेनात, म्हणून काही शॉट्समध्ये जर्मन गणवेश घालून तो स्वतःच स्वतःच्या मागे लागलाय! आणि जर्मन सैन्याच्या म्हणून दाखवलेल्या गाड्याही रंग बदललेल्या ट्रायम्फच होत्या.

मग आलं 1964. पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल भरली होती. सहा दिवस डोंगर, चिखल, जंगल, आणि गाडी बिघडली तर दुरुस्ती स्वतःच्या हातानं. अमेरिकेच्या संघात बड एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह, क्लिफ कोलमन आणि हा सिनेमावाला. इंग्लंडमध्ये मेरिडनच्या ट्रायम्फ कारखान्यातून त्यांनी नव्याकोऱ्या गाड्या उचलल्या. उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा मॅक्वीनच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी तो आपटला आणि बाद झाला. त्याच दिवशी बडनं पाय मोडून घेतला. डेव्ह आणि कोलमननं सहाही दिवस काढले, दोघांना सुवर्णपदक मिळालं. मॅक्वीन आणि बडकडे 650 सीसीची धूडं होती. गाडी फक्त ताकदवान असून भागत नाही, हे तिथे दिसलं.

आता येते ती स्वप्नातली बाइक. ट्रायम्फचं 650 सीसीचं इंजिन त्याला सोडायचं नव्हतं, दुखणं होतं चेसिसचं. इंग्लंडमध्ये डॉन आणि डेरेक रिकमन हे भाऊ फ्रेम बनवायचे, नाव मेटिस. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मिश्र जातीचा, आपल्या भाषेत सांगायचं तर गावठी संकर! फ्रेमला निकेलचा मुलामा, आणि इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत न ठेवता फ्रेमच्या नळ्यांतच खेळवलेलं. म्हणजे एक टाकी कमी, वजन कमी, आणि ऑइल थंडही राहतं. मॅक्वीननं ही फ्रेम मागवली, एकिन्सच्या मदतीनं त्यात बॉनव्हिलचं इंजिन बसवलं, पुढे इटलीतले सेरियानीचे फोर्क लावले. 1966 मध्ये एका विज्ञान मासिकासाठी त्यानं बऱ्याच बाइक चालवून बघितल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक केलं ते या स्वतःच्या गाडीचं.

आणि रंग? युद्धनौकेला असतो तसला करडा. क्रोम नाही, सोनेरी पट्टे नाहीत. मला या सगळ्या गोष्टीत हा रंगच जास्त आवडतो. चेकवर हवा तो आकडा टाकू शकणारा माणूस सगळा पैसा फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये घालतो, आणि दिसण्यावर जवळजवळ काहीच नाही. रेसमध्येही तो कित्येकदा हार्वी मशमन असं खोटं नाव द्यायचा. हेल्मेट घातलं की कोणी ओळखत नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं.

पण गाड्यांचं जग थांबत नाही. दीडशे किलोच्या वरची ही ट्रायम्फ घराणी धुळीत मागे पडायला लागली, कारण स्वीडनहून हलक्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या, हस्कवर्ना. कोणीही दुकानात जाऊन घ्यावी अशी ही गाडी एवढ्या मेहनतीच्या मेटिसला भारी पडत होती. मॅक्वीननं रुसून न बसता हस्कवर्ना 400 घेतली. (योगायोग बघा, या दोन्ही नावांच्या 400 सीसी गटातल्या गाड्या आता आपल्या चाकणला बनतात.) 1970 मध्ये लेक एल्सिनोरच्या रेसमध्ये त्याचा पाय मोडला. दोनेक आठवड्यांनी सेब्रिंगच्या 12 तासांच्या कार रेसमध्ये तो प्लास्टर घातलेल्या पायानं उतरला आणि पीटर रेव्हसनच्या जोडीनं दुसरा आला.

ब्रूस ब्राउनला बाइकवाल्यांवर माहितीपट काढायचा होता, पैसे नव्हते. ते मॅक्वीनच्या कंपनीनं घातले. 1971 चा ‘ऑन एनी संडे’ तो हाच, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचलेला. शेवटी मॅक्वीन, माल्कम स्मिथ आणि मर्ट लॉविल हे तिघं समुद्रकिनाऱ्यावर नुसतेच बाइक फिरवतात. रेस नाही, घड्याळ नाही. जागा होती कॅम्प पेंडलटन, मरीन्सचा तळ. एकेकाळी तोही मरीनच होता.

त्याच नोकरीत जहाजावरच्या पाइपांचं अस्बेस्टॉस त्यानं खरवडलं होतं. 1979 च्या डिसेंबरमध्ये फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर निघाला. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे इलाज नव्हता. तो मेक्सिकोत गेला, ज्याला वैद्यकशास्त्र मानत नाही असे उपचार घेतले, त्यावर भरपूर पैसा ओतला. उपयोग शून्य. 7 नोव्हेंबर 1980 ला हुआरेझमध्ये ऑपरेशननंतर तो गेला. वय फक्त 50.

आजार कळण्याआधी तो सांता पॉला गावच्या छोट्या विमानतळावर एका हँगरमध्ये राहायला गेला होता. नटाचा बंगला सोडून, पुढे बायको झालेल्या बार्बरासोबत, जुन्या बाइक आणि एका पिवळ्या विमानाच्या शेजारी. बॉइज रिपब्लिकच्या मुलांना तो शेवटपर्यंत भेटत राहिला, मृत्युपत्रातही त्यांच्यासाठी पैसे ठेवले. 1984 मध्ये लास व्हेगासला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. शंभराच्या वर बाइक निघाल्या, आणि त्यांत जुन्या इंडियन बऱ्याच होत्या, रिकाम्या खिशाच्या दिवसांत घेतलेल्या त्या पहिल्या गाडीच्या भाऊबंद.