पंडिता रमाबाई यांची लाज कशी गेली

गेवराईकडील पुष्कळ कुटुंबे दरसाल ऊस तोडण्यास पश्चिमेकडे जातात. त्याच अंगास, पुणे-दौंड लोहमार्गावर, केडगाव आहे. तेथील मुक्ति मिशन स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाईंची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या मनावरील ओझे मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. पुढे दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडीही गेली. पण मजुरी करण्यास कुळाचा अभिमान आड येई. झाडांची पाने खाऊन दिवस काढले, तरी हात पसरवेना. उपाशी माणसासही लाज सोडवत नाही, हे ज्याने दुष्काळ पाहिला त्यासच समजेल. अखेरीस बंधू श्रीनिवास यांनी मजुरी करण्याचा निश्चय केला, पण तोवर उशीर झाला होता. १८७४ साली वडील वारले. पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. भाऊबहीण पायी उत्तरेस निघाली. झेलम नदीच्या तीरी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी रात्र काढली.

१८८२ साली पती वारले. पुढल्या वर्षी रमाबाई इंग्लंडात गेल्या व तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनातील फुलम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांचे एक सदन त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांस दूर ठेवावे, एवढेच त्यांस पूर्वी ठाऊक होते. येथे धर्मभगिनी त्यांची मायेने सेवा करीत, आणि त्यांच्यातील कित्येकजणी आता आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस तेव्हा उमगली.

ती कथा दुसऱ्यांस लागू करणे त्यांस सोपे गेले. स्वतःस लागू करण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. प्रचारक बंधूंनो, एवढ्या शास्त्रज्ञ बाईंचीही ही स्थिती! बाप्तिस्मा झाला होता, विधी पाळले जात होते, तरी पापाचे ओझे उतरत नव्हते. १८९१ च्या सुमारास त्यांनी आपले मन न झाकता तपासले, तेव्हा कळले की आधी योग्य होऊन मग यावयाचे नसते. आहे तसेच यावयाचे असते.

१८९७ च्या सुमारास त्यांनी आपल्या दुष्काळाची हकीकत लिहिली. कुळाच्या अभिमानाने मजुरी नाकारली, हेही तीत लपविले नाही. त्याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ होता. तेथे जाऊन त्यांनी अनाथ मुली व विधवा आणल्या. आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी केडगावी कृपासदन उभे केले.