ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

कोकणात दापोलीजवळ समुद्रकिनारी मुरूड नावाचे गाव आहे. महर्षी कर्वे यांच्यामुळे ते नाव आपल्या कानावरून गेलेले असते. कर्व्यांहून पाच वर्षांनी वडील असलेले आणखी एक गृहस्थ याच गावचे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. १८५३ सालच्या जुलै महिन्यात जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित ते हेच.

त्यांचे आयुष्य वरवर पाहिले तर अगदी साधे दिसते. गावच्या शाळेत शिक्षण झाले. मग १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. हे कॉलेज म्हणजे मराठी शाळांचे शिक्षक तयार करणारी संस्था. तिथली परीक्षा झाल्यावर १८७४ साली ते मॅट्रिक झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत गेल्या. अखेरीस ज्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले तिथेच शिकवू लागले. दिवसा शाळा, आणि दिवस मावळल्यावर आकाश व जुन्या पोथ्या. एवढ्या बळावर या गुरुजींनी जे काम केले, त्याचा आधार विलायतेच्या विद्वानांनाही घ्यावा लागला.

इथे एक खुलासा करतो. ज्योतिषी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंडली मांडणारा आणि मंगळाची भीती घालणारा माणूस उभा राहतो. दीक्षितांचे ज्योतिष मुख्यतः गणिताचे. ग्रह आज कुठे आहे, उद्या कुठे असेल आणि हे आपल्याला कसे कळते, एवढाच त्यांचा प्रश्न असे.

हा प्रश्न त्या काळी नुसता पुस्तकी नव्हता. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ १५२० सालचा. गणेश दैवज्ञ मोठेच गणिती. अवघड आकडेमोड त्यांनी सोपी करून ठेवली. परंतु कोणत्याही हिशेबात सुरुवातीला राहिलेला बारीक फरक पुढे ओढला जातो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको. गेल्या वर्षीची शिल्लक चुकीची मांडली, तर यंदाची तेरीज कितीही काळजीपूर्वक करा, ती जुळायची नाही. साडेतीनशे वर्षांत पंचांगाचे तसेच झाले होते. पंचांगात ग्रहण लागे एका वेळेला आणि आकाशात दिसे दुसऱ्या वेळेला. एकादशी कोणत्या दिवशी करायची आणि श्राद्धाची तिथी कोणती, हे सारे याच पंचांगावर अवलंबून. म्हणून हा वाद घरोघरचा होता. पुण्याचे गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली नव्या गणिताचे पंचांग काढले, तेव्हा जुने सोडायचे की नवे धरायचे यावरून शास्त्रीमंडळींत बरीच खळबळ उडाली.

दीक्षितांनी या वादात बाजू घेतली, तीही सर्वांत अवघड. ते सायन पक्षाचे. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांग चालविले. सायन म्हणजे काय, हे संक्रांतीवरून चटकन कळते. मकरसंक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि १४ जानेवारीला तिळगूळ वाटतो. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसासारखा अगदी सावकाश घुमतो. एका फेरीला त्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे भरते. २० मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, पण ७०-७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. ताऱ्यांचे वर्ष धरणारे निरयनवादी, ऋतूंचे धरणारे सायनवादी. आपले सण ऋतूंशी बांधलेले आहेत आणि तो बांध हळूहळू सुटतो आहे, असे सायनवाद्यांचे म्हणणे होते.

लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही. नाशिकचे, पुण्याचे, घरचे जे चालत आले होते तेच चालत राहिले. दीक्षितांपेक्षा थोडे लहान असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी निरयन पक्षाची बाजू मोठ्या ताकदीने मांडली. केतकरांनी बागलकोटला शिक्षक म्हणून राहून तिथेच ग्रंथरचना केली. आकाशात दिसेल तेच पंचांगात उतरले पाहिजे, यावर मात्र दोघांचेही एकमत होते. दोन शाळामास्तर, एक मराठी मुलुखात आणि एक कन्नड मुलुखात, ग्रहगणितावर एवढ्या हिरीरीने लिहीत होते, ही गोष्ट मला तरी त्या वादापेक्षाही मोठी वाटते.

वाद शास्त्र्यांशी असला, तरी दीक्षितांच्या नजरेसमोर वाचक होता तो निराळाच. १८७६ साली त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ लिहिले, १८८२ साली ‘सृष्टिचमत्कार’, आणि १८९२ साली ‘ज्योतिर्विलास’. या शेवटच्या पुस्तकाला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले आहे. घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटकांची झाली ४८, म्हणजे आपल्या वर्गातला एक तास! जेवण झाल्यावर आणि झोपण्याआधी सामान्य माणसाजवळ जेवढा वेळ असतो तेवढाच त्यांनी मागितला. शास्त्राच्या पुस्तकाला मौज हा शब्द लावायला त्या काळी धैर्यच लागले असेल. ट्रेनिंग कॉलेजातल्या पंतोजीला तर अधिकच.

या पुस्तकाचे मर्म मला त्याच्या शब्दांत दिसते. क्रांतिवृत्त, विषुववृत्त, नक्षत्र, राशी, शर, भोग हे शब्द आपल्या जुन्या सिद्धान्तग्रंथांत तयारच होते. दीक्षितांनी ते उचलले, पुसले आणि चालू मराठी वाक्यांत बसविले. नव्या युरोपीय शोधांची माहितीही त्यांनी याच शब्दांत सांगितली. त्यामुळे वाचकाला आपण परक्या घरी आलो असे वाटत नाही. आपल्याच वाड्यातली एक बंद खोली कोणी उघडून दाखवावी तसे वाटते. आमच्यासारखे मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी पहिल्या वर्षाला हिशेबाचे इंग्रजी पुस्तक उघडतात तेव्हा जमा-नावे हे घरचे शब्द बाहेर ठेवून आत जावे लागते. कल्पना तीच असते, पण ती ओळखायलाच दोन महिने जातात. आमच्या विषयाला कोणी दीक्षित मिळाला नाही, याचे वाईट वाटते.

त्यांच्या विद्वत्तेची खरी परीक्षा झाली ती शिलालेखांवर. गुप्त राजांचे अनेक लेख सापडले होते. त्यांत गुप्त संवताचे आकडे होते. पण हा संवत कधी सुरू झाला यावर एकवाक्यता नव्हती. कोणी तो इसवी सन ७८ च्या आसपास धरी, कोणी १६६, कोणी १९०. राजे तेच, लेख तेच, पण इतिहास दोन-अडीचशे वर्षे मागेपुढे हलत होता. फ्लीटसाहेबांनी गुप्तांच्या लेखांचा ग्रंथ सिद्ध करताना तिथींचे गणित दीक्षितांकडे सोपविले. आपल्या मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार असे कोरलेले आहे. यातला वार फार मोलाचा. वर्ष आणि तिथी कुठेही बसविता येते, वार मात्र सातांतून एकदाच जुळतो. संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० धरला, तर ती द्वादशी २१ जून ४८४ या दिवशी येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. एका लेखाचा वार योगायोगानेही जुळेल. म्हणून इतर लेखही त्याच कसोटीला लावले गेले. फ्लीटसाहेबांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला आणि गुप्तांचा काळ एकदाचा पक्का झाला.

याच गणितातला दुसरा भाग माझ्या गावाशी निगडित आहे. माझे गाव पांढुर्णा. १९५६ सालापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके मिळून आमचा निराळा जिल्हा झाला. आमच्याकडे एका भिंतीवर मराठी दिनदर्शिका आणि दुसऱ्या भिंतीवर जबलपूरचे लाला रामस्वरूपचे पंचांग असते. पोळ्याच्या दिवशी मराठी दिनदर्शिका म्हणते श्रावण अमावास्या, तर जबलपूरचे पंचांग म्हणते भाद्रपद अमावास्या. दिवस एक, बैल तेच, महिने मात्र दोन. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. दोन्हीकडून दगड चालतात, पण महिना कोणता यावरून कोणी कोणावर दगड उचलल्याचे ऐकिवात नाही!

कारण सोपे आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून शुक्लपक्षात दोघांचा महिना एकच असतो आणि कृष्णपक्षात त्यांचे नाव एक पाऊल पुढे जाते. ही उत्तर-दक्षिण विभागणी पूर्वीपासून अशीच असेल असे आपण समजतो. तसे नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या एका कन्नड लेखात शके ७२६, वैशाख वद्य पंचमी, गुरुवार असा उल्लेख आहे. महिना अमान्त धरला तर वार जुळत नाही. पौर्णिमान्त धरला की ४ एप्रिल ८०४ हा दिवस येतो आणि गुरुवार बरोबर बसतो. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी कन्नड मुलखात आमच्या जबलपूरच्या पंचांगासारखे महिने मोजीत होते. आज आमचा पाडवा आणि या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांचा युगादी एकाच दिवशी येतो, आणि जबलपूरकर निराळे पडले आहेत.

अशा तारखा ज्याला त्याला स्वतः पडताळून पाहता याव्यात म्हणून दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर ‘इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ केला. त्यात हिंदू व मुसलमानी तारखांचे इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टके आहेत. तो १८९६ सालचा. त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा इतिहास त्यांनी पाचशेहून अधिक पानांत मांडला. या कामाला दक्षिणा प्राइज कमिटीचे व बडोद्याच्या गायकवाड सरकारचे बक्षीस मिळाले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या बरोबर पूर्वेला केव्हा उगवत असतील याचे गणित करून दीक्षितांनी इसवी सनापूर्वी सुमारे ३००० हा काळ काढला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि अजून होतो. ज्याला ते पटत नाही त्यालाही दीक्षितांचे गणित घेऊनच बसावे लागते, कारण पायऱ्या सगळ्या छापलेल्या आहेत.

हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला असता तर त्यांची कीर्ती जगभर लवकर पसरली असती. स्यूएलबरोबर काम केलेल्या माणसाला ते जमले नसते असे नाही. त्यांनी तो मराठीत लिहिला, आणि त्याची किंमतही मोजली. मराठी न येणाऱ्या अभ्यासकांना तो साठ-सत्तर वर्षे बंदच राहिला. माझ्या एका मित्राला हा निर्णय चुकीचा वाटतो. मला तसे वाटत नाही. पंचांग मराठी घरात वाचले जात होते, तेव्हा त्याच्या चुकांचा हिशेब त्याच घरात मांडायला हवा होता.

ग्रंथ निघाला आणि दोनच वर्षांनी, १८९८ सालच्या एप्रिलमध्ये, पुण्यात दीक्षितांचे निधन झाले. पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १९५७ साली त्यांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद लखनौहून निघाला. त्याच वर्षी २२ मार्चला भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग सुरू केले. मेघनाद साहा यांच्या समितीने सुचविलेल्या या पंचांगाचे वर्ष सायन आहे. पुढे हवामान खात्याने रा. वि. वैद्य यांच्याकडून इंग्रजी भाषांतर करवून घेतले. पहिला भाग १९६९ साली निघाला, दुसरा १९८१ साली. संक्रांत मात्र आपण अजून जानेवारीतच करतो.