यंत्रकार रॉबर्ट बॉश

घाटाच्या पायथ्याशी रात्रभर उभी राहिलेली मालमोटार पहाटे काही केल्या सुरू होईना, म्हणजे ड्रायव्हराच्या जिवाची जी घालमेल होते ती ज्याने पाहिली असेल त्यालाच समजेल. माल वेळेवर पोहोचला नाही तर भाडे बुडते. भाजीपाला असला तर तो डोळ्यांदेखत नासतो. अशा वेळी भोवती जमलेल्या मंडळींतून कोणीतरी पंप गेला असा निकाल देऊन मोकळा होतो. बिचारा मालक कर्ज काढून पंप बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा तशीच रुसून बसते, कारण दोष पंपात नसून भलतीकडेच असतो. ज्या पंपावर असा उगाच आळ येतो तो मालमोटारीस योग्य अशा रूपात ज्यांच्या कारखान्यात तयार झाला, त्या रॉबर्ट बॉश यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. दोषाचे मूळ हाती लागेपर्यंत स्वस्थ बसावयाचे नाही, हा धडा त्यात पानोपानी आढळतो.

रॉबर्टचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहरानजीक आल्बेक नावाच्या खेड्यात झाला. बारा भावंडांत त्याचा क्रमांक अकरावा. वडिलांची शेतीवाडी होती व हमरस्त्यावर एक खाणावळ होती. पुढे आगगाडी आली, रस्त्याची वर्दळ ओसरली आणि वडिलांनी सर्व विकून 1869 साली उल्ममध्ये बिऱ्हाड केले. वाहतुकीचे साधन बदलले की माणसांचे दैव कसे बदलते, हे त्या मुलाने आठव्या वर्षीच पाहिले.

शाळा संपल्यावर त्याला उल्ममधील एका सूक्ष्म यंत्रे बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तेथे तीन वर्षे गेली. परंतु धन्याचे शिकविण्याकडे लक्ष नसे. ह्या उपेक्षेची सल रॉबर्टच्या मनातून कधी गेली नाही. सामान्य माणूस अशा सलीने कडवट होतो. रॉबर्टने मात्र तिचे निराळेच चीज केले. स्वतः धनी झाल्यावर त्याने आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळी कर्मशाळा काढून त्यांच्या शिक्षणाची नीट व्यवस्था लावली.

पुढील सात वर्षे त्याने ठिकठिकाणी नोकरी करून विद्या मिळविली. स्टुटगार्ट येथील तंत्रविद्यालयात काही काळ व्याख्याने ऐकली. 1884 साली तो अमेरिकेस गेला व न्यूयॉर्क येथे एडिसनच्या कारखान्यात राहिला. तेथून इंग्लंडात येऊन त्याने सीमेन्स बंधूंकडे काम केले आणि मग तो मायदेशी परतला. 15 नोव्हेंबर 1886 रोजी स्टुटगार्टमधील एका घराच्या मागील इमारतीत त्याने स्वतःचे दुकान थाटले. भांडवल वडिलार्जित, 10,000 मार्कांचे. हाताखाली एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. टेलिफोन व विजेच्या घंटा बसविणे, दुरुस्ती करणे, अशी कामे मिळतील तशी घ्यावयाची आणि सायकलीवरून गिऱ्हाइकांची घरे फिरावयाची, असा क्रम कित्येक वर्षे चालला.

1887 साली एका गिऱ्हाइकाने मॅग्नेटोची मागणी केली. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज उत्पन्न करून आतील वायू पेटविण्यास ठिणगी देणारे यंत्र. बॉश यांनी उपलब्ध नमुना अभ्यासून त्यात सुधारणा केल्या. ते यंत्र एका जागी बसविलेल्या संथ इंजिनाकरिता होते. मोटारगाडीचे इंजिन वेगवान आणि ठिणगीच्या बाबतीत फार लहरी. ते सुरू करणे म्हणजे एक दिव्यच असे. 1897 साली एका तीन चाकी मोटारीस मॅग्नेटो बसविण्याचे काम आले, तेव्हा बॉश यांच्या कारखान्यातील मुकादम आर्नोल्ड त्सेरिंगर याने त्यातला अडथळा हेरून दूर केला. 1902 साली गोटलोब होनोल्ड या त्यांच्या इंजिनिअराने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो व ठिणगीचा प्लग सिद्ध केला. त्यानंतर बॉश हे नाव मोटारीबरोबर देशोदेशी पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे मोठे शोध बॉश यांनी स्वतः लावले नाहीत. ते त्यांच्या माणसांनी लावले. योग्य माणूस निवडणे, त्याला मोकळीक देणे आणि सदोष माल कारखान्याबाहेर जाऊ न देणे, हे बॉश यांचे कर्तृत्व. पैसा गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास जाता कामा नये, असे त्यांचे मत होते. 1906 साली त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. 1910 साली शनिवारी दुपारची सुटी दिली. त्याच वर्षी स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयास दहा लक्ष मार्कांची देणगी दिली. तथापि 1913 साली त्यांच्याही कारखान्यात मोठा संप झाला व तो त्यांच्या मनाला फार लागला.

1921 साली त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. ज्याच्या हाती कारभार सोपवावयाचा, तो एकुलता एक मुलगा दीर्घ आजाराने मरण पावला. बॉश त्या वेळी साठीच्या उंबरठ्यावर होते. अशा वयात व अशा शोकात पुष्कळ माणसे हातपाय गाळून बसतात. परंतु 1922 च्या अखेरीस त्यांच्या कारखान्याने एका नव्याच उद्योगास हात घातला. तोच डिझेल इंजिनाचा पंप.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 पासून नावारूपास आले होते. त्यात ठिणगी लागत नाही. हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. पण तेल आत फवारण्यास डिझेल दाबलेल्या हवेचा उपयोग करीत, व त्यासाठी एक अवजड यंत्र जोडावे लागे. त्यामुळे ते इंजिन गिरण्यांत व जहाजांत शोभले, रस्त्यावर येऊ शकले नाही. 1913 साली डिझेल वारले, तोवर हा प्रश्न सुटला नव्हता.

प्रश्न दिसावयास लहान, पण उत्तर महाकठीण. मिनिटास दीड हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटातून साडेसातशे वेळा तेल पोहोचवावयाचे. संथ चालीत ते मोजके थेंबभरच. ते ठरल्या क्षणी जावयाचे आणि तेही शेकडो वातावरणांच्या दाबाने. बॉश यांच्या माणसांनी 1923 च्या आरंभापर्यंत पंपाचे सुमारे बारा आराखडे तयार केले आणि त्याच वर्षी इंजिनावर परीक्षा सुरू केल्या. मध्यंतरी 1926 च्या सुमारास मोटारीच्या धंद्यावर मोठी मंदी आली, तरी हे काम सोडले नाही. अखेर 1927 साली पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला आणि 1934 पर्यंत एक लक्ष पंप तयार झाले. डिझेलवर चालणारी मालमोटार व्यवहारात रुळली ती ह्या पंपामुळे.

ह्या पंपाची रचना थोडक्यात अशी. पोलादी नळीत पोलादी दट्ट्या वरखाली होतो. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटच असते. दट्ट्याच्या अंगावर तिरपी खाच असते. दट्ट्या थोडा फिरविला की तेलाचे माप कमीजास्त होते. इतक्या सूक्ष्म कामाला धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंबही शत्रू. म्हणून ह्या पंपाची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला होत नाही. त्यास परीक्षा-यंत्र असलेली कर्मशाळाच पाहिजे. बॉश यांची पहिली अधिकृत दुरुस्तीशाळा 1921 सालीच हॅम्बुर्ग येथे निघाली होती, ही दूरदृष्टी पुढे फार उपयोगी पडली.

पंपाचा हा स्वभाव कळला म्हणजे पहाटे अडलेल्या गाडीची परीक्षाही नीट करता येते. प्रथम बॅटरी पाहावी. इंजिन मंद फिरले तर हवा पुरेशी तापत नाही आणि पंप उत्तम असूनही तेल पेटत नाही. मग इंजिन बंद करण्याचा दांडा अडकून तर राहिला नाही ना, हे पाहावे. नंतर धुराकडे लक्ष द्यावे. इंजिन फिरविताना धूर मुळीच नसेल तर तेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर असेल तर तेल पोहोचते, पण पेटत नाही, आणि दोष थंडीत, दाबात, नोझलमध्ये अथवा टायमिंगमध्ये शोधावा. दिवसभर चालणारी गाडी केवळ पहाटे अडत असेल, तर बहुधा एखाद्या सैल जोडातून हवा शिरून रात्री तेल टाकीकडे परत उतरलेले असते. गाडीने एअर घेतली असे मेस्त्री म्हणतात ते हेच. फिल्टर साफ करून, हातपंप मारून, स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली की गाडी सुरू होते. उलट थंड असता सुरू होणारी गाडी तापल्यावर अडू लागली, तर दट्ट्या झिजल्याचा संशय घेण्यास जागा आहे. कारण तापलेले तेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते.

इतके पाहूनही पंपच दोषी ठरला, तर तो बदलावा. काढण्यापूर्वी भोवतालची घाण धुवावी, पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या फेऱ्यात खुणेवर आणावा आणि उघड्या नळ्यांची तोंडे झाकावीत. नवा पंप खुणेस खूण जुळवून बसवावा, त्यात वेगळे वंगण लागत असेल तर घालावे, मग हवा काढावी. उडणाऱ्या फवाऱ्यापुढे हात मात्र कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

बॉश यांचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ती त्यांना मान्य नव्हती; हिटलरचे विरोधक कार्ल ग्योर्डेलर यांना त्यांनी आश्रय दिला व छळ होत असलेल्या यहुद्यांना साहाय्य केले. तरीही त्यांचा कारखाना युद्धसामग्री बनवीत राहिला आणि महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे 20,000 माणसांना सक्तीने राबविण्यात आले. थोर पुरुषाच्या चरित्रातील हा डागही झाकून ठेवू नये. 12 मार्च 1942 रोजी ते स्टुटगार्ट येथे वारले. त्यांच्या इच्छेस अनुसरून 1964 साली कंपनीच्या भागांचा बहुतांश एका लोकोपयोगी संस्थेकडे गेला, आणि नफ्यातील वाटा आरोग्य व शिक्षण यांच्या कामी लागू लागला.

आपल्या देशात 1951 साली स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीने बंगळूर येथे हे पंप तयार केले. तिच्या नावावरून मायको हा शब्द आपल्या मेस्त्रींच्या तोंडी इतका बसला की पंप म्हणजे मायको असेच समीकरण झाले. नाशिक येथेही तिचा कारखाना निघाला. आता नव्या गाड्यांत तेलाचे माप विजेच्या यंत्रणेने ठरते. पण जुन्या मालमोटारींत तो पोलादी दट्ट्या अजून इमानाने काम करीत आहे.

विद्यार्थीमित्रहो, वाईट शिक्षण मिळालेल्या उमेदवाराने चांगले शिक्षण देऊ केले. पुत्रशोकात बुडालेल्या पित्याच्या कारखान्याने जगाची वाहतूक बदलली. संकट आले की कोणावर तरी आळ घालून मोकळे होणे सोपे असते. पायरीपायरीने मूळ कारण शोधून तेवढेच दुरुस्त करणे कठीण असते. पण त्यानेच गाडी सुरू होते, आणि गरिबाचे पैसेही वाचतात.