लिओ फेंडर: गिटार न वाजवता बेस गिटार घडवणारा माणूस

बेस गिटार घ्यायचा विचार केलात की पहिला प्रश्न हाच येतो: पी-बेस की जे-बेस? पी म्हणजे प्रिसिजन, जे म्हणजे जॅझ. आजचे कितीतरी बेस याच दोन आराखड्यांवर बनतात. आणि गंमत म्हणजे ज्या माणसाच्या वर्कशॉपमधून हे दोन्ही आले, त्याला गिटार वाजवता येत नव्हती.

लिओ फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमजवळचा. घरची संत्र्याची बाग. आठव्या वर्षी ट्यूमरमुळे डावा डोळा काढावा लागला. शिक्षण अकाउंटिंगचं, पण नाद रेडिओचा. मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक आपले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे आणि लिओ त्यांच्या तक्रारी नीट ऐकून घ्यायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले युजर फीडबॅक म्हणतो ना, तेच हे. माझ्या मते त्याचं खरं कौशल्य इथेच होतं.

तेव्हा बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. गाडीत मावत नाही, ड्रम्सपुढे ऐकू येत नाही, वर पट्ट्या म्हणजे फ्रेट्स नसल्याने बोट जरा सरकलं की सूर बिघडतो. लिओने १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येईल असा, फ्रेट्स असलेला इलेक्ट्रिक बेस आणला. सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन.

यातला पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये सूक्ष्म वीज तयार होते. पण हीच कॉइल घरातल्या विजेची घरघरही पकडते. म्हणून १९५७ मध्ये पी-बेसच्या पिकअपचे दोन तुकडे केले, प्रत्येक दोन तारांसाठी एक. दोघांचे चुंबक आणि जोडणी उलट, त्यामुळे घरघर एकमेकींना खाते, सूर मात्र टिकतो. आवाज जाड, भरीव. कंट्रोल दोनच, व्हॉल्यूम आणि टोन.

१९६० मध्ये आला जॅझ बेस. यात दोन वेगळे पिकअप. ब्रिजजवळचा टोकदार, खणखणीत आवाज देतो, मानेकडचा गोल. दोन्ही मिसळून हवा तो आवाज काढता येतो. एकच पिकअप चालू ठेवला तर घरघर ऐकू येते, दोन्ही सारखे ठेवले की जाते. नटपाशी मान पी-बेसची साधारण ४४ मिमी रुंद, याची ३८. लहान हातांना हा फरक लगेच जाणवतो.

धंदा जोरात असतानाच लिओची तब्येत ढासळली. आपण फार दिवस काढणार नाही असं वाटून त्याने १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरला विकली. पुढे उपचार लागू पडले, माणूस बरा झाला. पण कंपनीबरोबर नावही गेलं होतं. स्वतःचंच आडनाव स्वतःच्या नव्या गिटारवर टाकायची सोय उरली नाही. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात कडू पान हेच.

तरी तो थांबला नाही. म्युझिक मॅन कंपनीत १९७६ चा स्टिंगरे बेस घडवला, त्यात बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता. १९८० च्या सुमारास जी अँड एल सुरू केली. पार्किन्सन जडला, तरी वर्कबेंच सोडलं नाही. २१ मार्च १९९१ ला तो गेला.

आता तुमच्यासाठी. फरक ऐकायचा तर फोनचा स्पीकर बंद करा आणि हेडफोन लावा. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सुमारे ४१ हर्ट्झचा सूर निघतो, इवल्याशा स्पीकरला तो झेपत नाही. पी-बेससाठी मोटाउनचा जेम्स जेमर्सन ऐका, जॅझ बेससाठी जाको पास्टोरियस. जाकोच्या बेसवर मात्र फ्रेट्स नव्हते, हे लक्षात ठेवा. सेटिंगच्या भानगडीत न पडता भक्कम आवाज हवा असेल तर पी घ्या. आवाजाशी खेळायचं असेल, हात लहान असतील तर जे. आणि दुकानात दोन्ही गळ्यात अडकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.