पांढरीची साक्ष : डॉ. ह. धी. सांकलिया

कर्जत तालुक्यातील उपासक-उपासिकांनो, धाब्याच्या घरावर टाकायला तुमच्या वाडवडिलांनी गावच्या पांढरीतून माती आणली असेल. त्या मातीत खापरे निघत. ती खापरे वाचायला महाराष्ट्राला शिकविले डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी.

त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. तरुणपणी त्यांनी नालंदा या बौद्ध विद्यापीठावर प्रबंध लिहिला. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि नद्यांच्या काठाने हिंडून जुन्या वस्त्या शोधू लागले. १९५४ साली त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, नेवासे येथे, प्रवरेकाठी उत्खनन सुरू केले. तेथे घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत पुरलेली बालके सापडली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईबापांचे नाव कोणत्याही पोथीत नाही. त्यांची माया मात्र मातीने जपली.

ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांचा इतिहास पांढरीत असतो, हे ध्यानात ठेवा. सांकलिया १९८९ साली निवर्तले. आता राखण तुमची आहे. पांढरी उकरून गाड्या भरू नका. खापर, मणी, जुनी वीट दिसली तर जागची हलवू नका. मुलांना दाखवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.