पोपचे वकील आर्चबिशप रोंकाली

पेशव्यांचे वकील निरनिराळ्या दरबारी असत, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचलेच आहे. रोमच्या पोपचेही असे वकील देशोदेशी असतात व ते बहुधा आर्चबिशप असतात. आंजेलो रोंकाली यांची अठ्ठावीस वर्षे या सेवेत गेली.

त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीतील सोत्तो इल मोन्ते या खेड्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. १९२५ साली आर्चबिशपपद देऊन पोपने त्यांना बल्गेरियास धाडले. तो देश ऑर्थोडॉक्स पंथाचा, कॅथलिक मूठभर. ते सोफियास पोहोचले तेव्हा तेथील चर्चमधील बाँबस्फोटास दोन आठवडेही लोटले नव्हते. दीडशेच्या वर माणसे मेली होती. रोंकालींनी प्रथम जखमींची विचारपूस केली.

खरी कसोटी पुढे लागली. १९३० साली राजा बोरिस याने इटलीच्या राजकन्येशी कॅथलिक विधीने विवाह केला आणि सोफियास परतताच ऑर्थोडॉक्स विधीही उरकला. १९३३ मध्ये कन्येचा बाप्तिस्माही, दिलेला शब्द मोडून, त्याच पंथात केला. रोम संतापले. ही नाराजी राजाच्या कानी घालण्याचे अप्रिय काम रोंकालींनी केले. परंतु स्नेहाचा धागा तोडला नाही.

१९३५ पासून ते इस्तंबूलला होते. त्याच वर्षी तुर्कस्तानात धर्मगुरूंना प्रार्थनास्थळाबाहेर धर्मवेष घालण्यास बंदी झाली, तेव्हा आर्चबिशपांनी निमूटपणे साधा कोट-पाटलोण चढविला. महायुद्ध पेटले आणि जीव मुठीत धरलेल्या ज्यू लोकांची गाऱ्हाणी त्यांच्या दारी येऊ लागली. १९४३ साली त्यांनी ज्यूंसाठी बोरिस राजास पत्र लिहिले. खुद्द बल्गेरियातील ज्यू वाचले, याचे मोठे श्रेय तेथील ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांना व लोकप्रतिनिधींनाच द्यावयास हवे. तथापि तो जुना धागा तुटला असता, तर रोंकालींनी कोणत्या तोंडाने हे पत्र लिहिले असते? पुढच्या वर्षी ज्यूंसाठी पॅलेस्टाइनप्रवेशाचे दाखले त्यांनी बुडापेस्टमधील पोपच्या वकिलाकडे पोहोचते केले.

१९४४ च्या अखेरीस त्यांची पॅरिसला नेमणूक झाली. जर्मनधार्जिण्या राजवटीला साथ दिल्याच्या आरोपावरून फ्रेंच सरकारला पुष्कळ बिशप काढून टाकावयाचे होते. रोंकालींनी घाई केली नाही, बोलणी लांबविली. अखेर मोजक्याच बिशपांना पायउतार व्हावे लागले. वेळ काढणे हाही वकिलीतला एक गुणच म्हणावयाचा!

१९५३ साली फ्रान्सचे समाजवादी अध्यक्ष ओरिओल यांनी कार्डिनलची लाल टोपी स्वहस्ते त्यांच्या मस्तकी ठेवली. १९५८ साली हेच रोंकाली पोप तेविसावे जॉन झाले. ३ जून १९६३ रोजी ते निवर्तले.