शहरांचा डॉक्टर : पॅट्रिक गेडीस

झोन, एफएसआय, साइड मार्जिन... टाउन प्लॅनिंगचे नियम आपण पाठ करतो. पण मला या विषयाची गोडी लावली ती इंजिनिअर नसलेल्या एका माणसाने!

पॅट्रिक गेडीस १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. विषय जीवशास्त्र. मेक्सिकोत डोळे बिघडले, मायक्रोस्कोप सुटला आणि हळूहळू लक्ष शहरांकडे वळलं. लग्नानंतर ते पत्नी ॲनासह एडिंबराच्या गलिच्छ जुन्या वस्तीत राहायला गेले आणि तिथली घरं सुधारू लागले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे आणणारं जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. तरी गडी खचला नाही! तंजावरला दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढायचा बेत होता. गेडीस गल्लीबोळ पायी फिरले. मोडकी घरं तेवढी काढा, मोकळ्या जागा जोडा, बाकी वस्ती राहू द्या, असं त्यांनी सुचवलं. खर्चही कमी, बेघरही कमी. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ साली फ्रान्समध्ये वारले.

कारखान्याचा धूर घरात नको, म्हणून झोन हवेतच. पण आराखड्यात एखादी गल्ली पिवळी, म्हणजे राहण्याची, की जांभळी, म्हणजे कारखान्यांची, हे ठरवण्याआधी तिथे कोण राहतं, पोटासाठी काय करतं, हे बघायला नको का? मित्रांनो, उद्या तो रंग कदाचित आपल्यापैकीच कोणीतरी भरणार आहे.